दोन वेगळ्या मशिन्सवर ६० ते ८० वयोगटाचा ब्रेन एमआरआय: वयाची झीज आणि सुरुवातीचा अल्झायमर वेगळे कसे काढायचे?

शीव_फलाट_२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पीएचडीचा प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे ठेवण्याआधी जाणकारांचं मत हवंय.

६० ते ८० वर्षांचे ४० निरोगी लोक आणि त्याच वयाचे ४० रुग्ण (एमसीआय, म्हणजे स्मृती आणि आकलनाची सौम्य घट, किंवा सुरुवातीचा अल्झायमर). प्रत्येकाचं स्कॅन दोनदा, मध्ये १२ महिने. मोजायचं काय: हिप्पोकॅम्पसचं (स्मृतीच्या भागाचं) आकारमान, कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी, फ्लेअर या प्रकारच्या चित्रावरचे पांढरे डाग. जमलं तर रेस्टिंग एफएमआरआय (स्वस्थ पडलेल्या मेंदूची जोडणी) आणि एएसएल या एमआरआय पद्धतीने मेंदूतला रक्तप्रवाह.

मशिन्स दोन मिळू शकतात. रुग्णालयातलं १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद), जिथे रुग्ण तसेही येतात आणि स्लॉट फुकट आहे. दुसरं उपनगरातल्या खासगी सेंटरचं ३ टेस्ला, शनिवारी दुपारी सवलतीत. सोयीचं म्हणून रुग्ण १.५ वर आणि निरोगी ३ वर करायचे, मग कॉम्बॅट ही सांख्यिकी पद्धत वापरून मशीनचा फरक काढून टाकायचा, असा आराखडा आहे.

विचारायचं ते असं. हे चालेल का? १२ महिन्यांचं अंतर पुरतं का? फ्रीसर्फरला (मेंदूचे भाग आपोआप मोजणारं सॉफ्टवेअर) म्हाताऱ्या मेंदूंवर काय काय खटकतं? आणि पेट स्कॅनशिवाय (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं चित्र) ‘अल्झायमर’ म्हणणं कितपत बरोबर?

---

व्हॉक्सेल_मोजणारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालणार. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येईल, हे एक मात्र नाही.

कॉम्बॅट मशीनचा फरक ओळखतं ते एकाच प्रकारची माणसं दोन्ही मशीनवर असतील तरच. तुमच्या आराखड्यात ‘मशीन’ आणि ‘गट’ हे दोन्ही रकाने ओळीन् ओळ सारखे आहेत. गट जपायला सांगितलात तर मशीनचा फरक आजार म्हणून शिल्लक राहतो. न सांगितलात तर मशीनसोबत आजारही धुऊन निघतो. तिसरा पर्याय गणितात नाही.

त्यात तुमच्या वाटणीची दिशाही वाईट आहे. फ्रीसर्फरने मोजलेली कॉर्टेक्सची जाडी १.५ पेक्षा ३ टेस्लावर थोडी जास्त येते, ०.१ ते ०.१५ मिमीच्या घरात. कॉर्टेक्सची सरासरी जाडीच २.५ मिमीच्या आसपास. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये टेम्पोरल (कानाजवळच्या) आणि पराएटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या) भागांत जी घट शोधायची असते ती याच मापाची. म्हणजे निरोगी ३ वर आणि रुग्ण १.५ वर ठेवलेत तर एकाही रुग्णाला आजार नसला तरी आजार ‘दिसेल’, आणि तोही पुस्तकात लिहिल्यासारखा.

उपाय, पसंतीच्या क्रमाने: सगळे ८० जण एकाच ३ टेस्लावर. पैसे पुरत नसतील तर माणसं कमी करा, मशिन्स वाढवू नका. एका मशीनवरचे ५० जण दोन मशीनवरच्या ८० जणांपेक्षा कामाचे. ते अगदीच अशक्य असेल तर दोन्ही मशीनवर दोन्ही गट साधारण सारख्या प्रमाणात वाटा, प्रत्येक मशीनवर किमान २० ते २५ जण, वय आणि लिंग दोन्हीकडे जुळलेलं. शिवाय ८ ते १० जणांना एका महिन्याच्या आत दोन्ही मशीनवर स्कॅन करा. ही ‘प्रवासी माणसं’ खर्चिक वाटतात, पण कॉम्बॅटने खरंच काम केलं की नाही हे तपासायचा दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. आणि एका माणसाचं पहिलं व दुसरं स्कॅन कुठल्याही परिस्थितीत एकाच मशीनवर.

आता १२ महिने. हिप्पोकॅम्पस एका बाजूचा साधारण ३ ते ३.५ मिली. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला सुमारे १.४ टक्के आक्रसतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. मिलीमध्ये धरलं तर निरोगी माणसात ०.०४५ मिली, रुग्णात ०.१५ मिली. त्याच माणसाला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवलं तरी ऑटोमॅटिक मोजमापात एक ते तीन टक्के फरक पडतो. म्हणजे १२ महिन्यांत निरोगी माणसाचा बदल आणि मोजमापाची चूक सारख्याच मापाची. दोन गटांच्या सरासरीतला फरक तुम्हाला दिसेल. पण ‘ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात झीज जास्त का’ असला प्रश्न निरोगी गटात विचारलात तर हाती गोंगाट येईल. अंतर २४ महिने करा. पीएचडीच्या वेळापत्रकात बसत नसेल तर १८. जमल्यास मध्ये तिसरं स्कॅन घ्या. तीन बिंदू असले की एखादं वाकडं स्कॅन ओळखू येतं, दोन असले की येत नाही. १८ पेक्षा २४ महिन्यांचा आणखी एक फायदा म्हणजे दुसरं स्कॅन त्याच ऋतूत येतं. शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूचं आकारमान मोजण्याइतकं घटतं. मे महिन्यात दुपारी उन्हातून आलेला माणूस आणि जानेवारीतला तोच माणूस यांची तुलना मी तरी टाळेन. दिवसाची वेळही सारखी ठेवा, सकाळी मेंदू संध्याकाळपेक्षा किंचित मोठा मोजला जातो.

प्रोटोकॉल. टी-१ (मेंदूची रचना दाखवणारं मुख्य चित्र) साठी त्रिमितीय एमपी-रेज, १ मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही दिशांना सारखं), सॅजिटल (बाजूने कापलेलं). सीमेन्सवर टीआर २३००, टीआय ९०० मिलिसेकंद, फ्लिप अँगल ९ अंश, पॅरलल इमेजिंग २. साधारण साडेपाच मिनिटं. जीई किंवा फिलिप्स असेल तर आकडे जसेच्या तसे उतरवू नका, त्या कंपनीसाठी एडीएनआय या अमेरिकी अल्झायमर-इमेजिंग अभ्यासाने प्रसिद्ध केलेला प्रोटोकॉल घ्या. फ्लेअर त्रिमितीयच घ्या. ५ मिमी जाडीच्या स्लाइसवर डागांचं आकारमान मोजणं म्हणजे अंदाजपंचे. मग एसडब्ल्यूआय (रक्तस्रावाच्या खुणा दाखवणारं चित्र). ग्रेडिएंटची वक्रता दुरुस्त करणारं त्रिमितीय डिस्टॉर्शन करेक्शन सुरू आहे ना, ते पहिल्या दिवशी स्वतः बघा. ते काही सेंटर्सवर द्विमितीय ठेवलेलं असतं आणि कुणी विचारल्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

क्रम असा ठेवा: टी-१, रेस्टिंग, एएसएल, फ्लेअर, एसडब्ल्यूआय, आणि डीटीआय (मेंदूतल्या तंतूंचं चित्र) सर्वांत शेवटी. दोन कारणं. ज्याच्याशिवाय अभ्यासच होत नाही ते पहिल्या दहा मिनिटांत हाती यायला हवं, कारण अर्ध्या तासानंतर म्हातारी माणसं हलतात. आणि डीटीआय ग्रेडिएंटला तापवतं, त्यामुळे चुंबकक्षेत्र सरकतं आणि पाठोपाठ घेतलेल्या एफएमआरआयमध्ये चित्र हळूहळू घसरत जातं.

दर महिन्याला फँटम (मापं ठाऊक असलेली चाचणीची वस्तू). एसीआर या अमेरिकी रेडिओलॉजी संस्थेचा मोठा फँटम असेल तर व्यास १९० मिमी आणि लांबी १४८ मिमी यायला हवी, ±२ मिमी चालतं. आकडे एका वहीत तारखेसकट लिहा. सेंटरकडून लेखी घ्या की सॉफ्टवेअर अपग्रेड किंवा कॉइल (डोक्याभोवतीचा अँटेना) बदलण्याआधी कळवतील. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये अपग्रेड झालं की सगळ्यांचेच मेंदू एका दिवसात बदलतात.

---

कॉइल_आणि_उशी

वरचं सगळं पटलं. पण डेटा बिघडतो तो बहुतेक टेबलावर, त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे.

डोकं हललं की काय होतं? चित्र अस्पष्ट होतं, ग्रे मॅटर (पेशींचा थर) आणि व्हाइट मॅटर (तंतूंचा भाग) यांची सीमा पुसट होते आणि सॉफ्टवेअर ग्रे मॅटर कमी मोजतं. थोडक्यात, हालचाल झिजेचं सोंग घेते. रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात, म्हणून हा दोष दोन्ही गटांत सारखा वाटला जात नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणारी हालचालही पुरते. टी-१ संपल्या संपल्या, माणूस टेबलावर असतानाच, चित्र बघा: कपाळाच्या बाजूला लाटांसारख्या कडा दिसल्या की लगेच पुन्हा घ्या. वेळापत्रकात प्रत्येकामागे ६ मिनिटं त्यासाठी राखून ठेवा.

कॉइल २० चॅनलची की ३२ ची? चित्र ३२ वर सरस, पण पाठीला बाक आलेल्या आजीची मान त्यात नीट बसत नाही. हनुवटी वर राहते, पाच मिनिटांत मान भरून येते आणि मग हालचाल. या वयोगटाला २० बरी. जी निवडाल ती सगळ्यांना आणि दोन्ही वेळा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, गुडघ्यांखाली जाड उशी, अंगावर चादर. खोलीत गारठा असतो आणि थरथर थेट चित्रात उतरते. टेबलावर घेण्याआधी बाथरूमला पाठवायचंच. रक्तदाबासाठी सकाळी लघवीची गोळी घेणारे बरेच असतात, त्यांना दुपारचा स्लॉट द्या.

धातूची यादी आदल्या दिवशी फोनवर, घरातल्या माणसाशी बोलून करा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, अॅन्युरिझमची (धमनीवरच्या फुग्याची) जुनी क्लिप, डोळ्यात धातूचा कण गेल्याचा इतिहास (लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केलेले गिरणी कामगार, वर्कशॉपवाले यांना हा प्रश्न नक्की), गुडघ्याचं इम्प्लांट, स्टेंट. गुडघा आणि स्टेंट बहुधा चालतात, पण कार्ड पाहिल्याशिवाय ‘चालतं’ म्हणायचं नाही. एखादं इम्प्लांट १.५ वर मान्य आणि ३ वर अमान्य असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

साडी बदलून गाऊनच. पदराची सेफ्टी पिन पोलादी असते, जरीत धातू असू शकतो. आंबाड्यातले आकडे मोजून काढा, एखादा हमखास राहतो आणि त्या एका आकड्याने मेंदूचा मागचा ऑक्सिपिटल लोब चित्रातून गायब होतो. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणी नाखूश असतात. हे आयत्या वेळी दारात सांगितलं तर ताण येतो, आधी सांगितलं की दोरा ओवून तयारीने येतात. जोडवी निघतच नसतील तर हातातल्या चुंबकाने तपासा आणि निर्णय रेडिओग्राफरवर सोडा. करदोटा, ताईत, कवळी, श्रवणयंत्र, काजळ. काजळ आणि सुरम्यातले कण डोळ्यांभोवती चित्र वाकवतात आणि फ्रंटल लोबचा खालचा भाग खराब होतो. औषधाची चिकटपट्टी लावली असेल तर काढून ठेवायला सांगा, काही पट्ट्यांमागे धातूचा पातळ थर असतो.

श्रवणयंत्र काढल्यावर तुमच्या इंटरकॉमवरच्या सूचना ऐकू येणार नाहीत. सगळं आधी सांगा, हाताच्या खुणा ठरवा, पंपाचा फुगा हातात द्या. रेस्टिंगला ‘डोळे उघडे, फुलीकडे बघा’ असं ठेवा. डोळे मिटले की जेवणानंतरच्या स्लॉटमधले निम्मे झोपतात, आणि झोपलेल्या मेंदूची जोडणी वेगळी असते.

---

गुरुवारची_ओपीडी

मशीनचं झालं. आता ‘निरोगी’ कोण ते ठरवा, कारण इथे तितकीच मोठी गल्लत होते.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड असलेले सगळे वगळून निवडलेले चाळीस जण हे मुंबईतलं सामान्य म्हातारपण नव्हे. असे निवडक लोक एका बाजूला आणि सगळे आजार असलेले रुग्ण दुसऱ्या बाजूला ठेवलेत तर निम्मा फरक रक्तवाहिन्यांचा निघेल. निकष दोन्ही गटांना सारखे लावा: गोळ्यांवर नियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह चालेल, मोठा स्ट्रोक, फिट्स, डोक्याला गंभीर मार, दारूचं व्यसन चालणार नाही. मग एचबीए१सी, रक्तदाब, बी-१२, टीएसएच आणि हिमोग्लोबिन सगळ्यांचं मोजून विश्लेषणात घ्या. बी-१२ ची इथे विशेष काळजी. शाकाहार आणि अनेक वर्षांचं मेटफॉर्मिन एकत्र आलं की कमतरता सर्रास, आणि तिने स्मृती मंदावते. डिप्रेशनचंही तेच. जीडीएस ही डिप्रेशनची प्रश्नावली केल्याशिवाय कुणाला एमसीआय म्हणू नका.

मोका ही स्मृती-आकलनाची चाचणी मराठीत करा आणि शिक्षणाची वर्षं लिहा. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात, पण चौथी शिकलेल्या माणसाला एका गुणाने न्याय मिळत नाही. चाचणीतलं घनाचं चित्र काढता आलं नाही म्हणजे मेंदू झिजला असं नसतं. अशांसाठी घरच्यांकडून रोजच्या व्यवहाराची माहिती जास्त बोलकी: औषधं स्वतः घेतात का, पैशांचा हिशेब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का.

फ्रीसर्फरच्या आकड्यांसोबत डोळ्यांनी दिलेले गुणही ठेवा. हिप्पोकॅम्पसच्या भागातल्या झिजेसाठी शेल्टन्सचा एमटीए ० ते ४, पांढऱ्या डागांसाठी फाझेकास ० ते ३, पराएटल झिजेसाठी कोएडॅम ० ते ३. एमटीए बघताना कोरोनल (समोरून कापलेली) स्लाइस हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात हवी. ७५ च्या आत २ आणि त्यावर म्हणजे विकृत, ७५ नंतर २ सुद्धा वयाला धरून समजतात. दोन रेडिओलॉजिस्ट, दोघांनाही गट माहीत नको, आणि २० स्कॅन गुपचूप दुसऱ्यांदा यादीत घाला. खरं सांगायचं तर ओपीडीत मला हे गुण मिलीलीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मोठ्या व्हेंट्रिकल्सबद्दल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या): इव्हान्स इंडेक्स (पोकळीची रुंदी भागिले कवटीची) ०.३ च्या वर दिसला की लगेच एनपीएच (पाणी साठून पोकळ्या फुगण्याचा आजार) लिहू नका, सत्तरीनंतर नुसत्या वयानेही तो तिथे पोचतो. कॉलोसल अँगल (दोन व्हेंट्रिकल्समधला कोन) ९० अंशांच्या आत आहे का, वरच्या बाजूची सल्कस (घड्यांमधल्या खाचा) दाटलेली आणि सिल्व्हियन फिशर (बाजूची मोठी खाच) रुंदावलेली आहे का, चाल बदलली आहे का, हे एकत्र बघायचं.

एसडब्ल्यूआयवरचे ठिपके कुठे आहेत ते लिहा. खोल भागात, थॅलॅमस आणि बेसल गँग्लियात असतील तर बहुधा रक्तदाबाचे. फक्त कॉर्टेक्सलगत लोबमध्ये असतील तर अमायलॉइड अँजिओपॅथीचा (धमन्यांच्या भिंतीत प्रथिन साठण्याचा) संशय. एकटा कॅल्सिफाइड ठिपका असेल तर जुना सिस्टिसर्कस (टेपवर्मची अळी) किंवा क्षयाची गाठ हेही आपल्याकडे यादीत असतं. फेज इमेज बघा, कॅल्शियम आणि रक्त तिथे उलट रंगाचे दिसतात.

अनपेक्षित सापडण्याची तयारी आधी करा. रॉटरडॅमच्या २००७ च्या अभ्यासात २००० सर्वसामान्य लोकांत ७.२ टक्क्यांना लक्षणं नसलेला इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेला भाग), १.८ टक्क्यांना अॅन्युरिझम आणि १.६ टक्क्यांना सौम्य ट्यूमर मिळाला. ८० जणांत तुम्हाला काही ना काही मिळणारच. कोण वाचणार, किती दिवसांत कळवणार, पुढची ओपीडी कुठली, हे संमतिपत्रात मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहा. ‘मला कळवू नका’ असा पर्याय द्यायचा की नाही हे कमिटीला विचारून ठरवा.

---

व्हॉक्सेल_मोजणारा

@गुरुवारची_ओपीडी, एमटीए ओपीडीत उत्तम, मान्य. पण दोन वर्षांतला बदल त्यात दिसत नाही. पाच पायऱ्यांच्या जिन्यावर ९ टक्के घट एकाच पायरीवर राहते. दोन्ही ठेवा, पण मुख्य मोजमाप मिलीच.

फ्रीसर्फर राहिलं होतं. म्हाताऱ्या मेंदूत ठरलेल्या चुका अशा. एक: पांढरे डाग टी-१ वर काळपट दिसतात, सॉफ्टवेअर त्यांना ग्रे मॅटर समजतं किंवा व्हाइट मॅटरची सीमा तिथे आत ओढली जाते. दोन: ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) कॉर्टेक्समध्ये मोजला जातो, विशेषतः टेम्पोरल पोलजवळ आणि हिप्पोकॅम्पसशेजारच्या एन्टोरायनलजवळ. मेंदू आक्रसल्यावर मध्ये पाणी वाढतं खरं, तरी हे होतं. तीन: कोरॉइड प्लेक्सस (व्हेंट्रिकलमधलं रक्तवाहिन्यांचं जाळं) हिप्पोकॅम्पसच्या टोकाला चिकटून मोजला जातो. चार: व्हेंट्रिकल फार मोठे असतील तर लेबलच अर्धवट लागतं. त्यासाठी बिग-व्हेंट्रिकल्स हा पर्याय आहे, पण तो ज्यांना लागेल त्यांनाच.

प्रत्येक माणसाचे निदान सहा कोरोनल आणि चार अॅक्शियल स्लाइस डोळ्यांनी बघा. बघणाऱ्याला गट आणि वय माहीत नको. नाहीतर रुग्णाची वाकडी सीमा ‘झीज असेल’ म्हणून सोडून दिली जाते आणि निरोगी माणसाची दुरुस्त होते.

आवृत्ती एकच, ऑपरेटिंग सिस्टिम एकच, शक्यतो एकाच कंटेनरमध्ये. सहा आणि सात या आवृत्त्यांचे आकडे एका तक्त्यात नकोत, फरक आजाराइतका निघू शकतो. पहिली फेरी चालवून ठेवली आणि दोन वर्षांनी लॅपटॉप बदलला तर सगळं पहिल्यापासून चालवा.

दोन वेळांच्या तुलनेसाठी लाँगिट्यूडिनल पद्धत वापरा: आधी दोन्ही स्कॅन स्वतंत्र, मग दोन्हींचा मिळून त्या माणसाचा बेस (मधला साचा), मग त्या बेसवरून दोन्ही पुन्हा. पहिल्या स्कॅनवर दुसरं बसवून वजाबाकी करू नका. दुसरंच तेवढं पुन्हा सॅम्पल होतं, गुळगुळीत होतं आणि खोटी झीज तयार होते. हिशेब: १६० स्वतंत्र, ८० बेस, १६० लाँग, म्हणजे ४०० रन्स. सरासरी ६ तास धरले तर २४०० तास. ८ रन्स एका वेळी चालवले तर साडेबारा दिवस, न थांबता. प्रत्येक रनला ८ जीबी रॅम धरा, म्हणजे ६४ जीबीचं मशीन आणि यूपीएस.

कवटीच्या आकारासाठी (आयसीव्ही, म्हणजे कवटीच्या आतलं आकारमान) दुरुस्ती करताना नुसता भागाकार करू नका. दुरुस्त आकारमान = मोजलेलं − ब × (त्या माणसाचं आयसीव्ही − सगळ्यांचं सरासरी आयसीव्ही). ‘ब’ हा उतार फक्त निरोगी गटातून काढा. फ्रीसर्फर आयसीव्ही थेट मोजत नाही, तालैराख टेम्प्लेटवर (प्रमाण मानलेल्या मेंदूवर) डोकं बसवताना किती ताणावं लागलं त्यावरून अंदाज करतं. डोकं वाकडं बसलं की आयसीव्ही चुकतं आणि त्या माणसाचे सगळेच आकडे चुकतात. त्याच कारणाने मानेपर्यंत लांबलेलं चित्र आधी कापून घ्या.

टेम्प्लेटबद्दल: एमएनआय-१५२ हा तरुण कॅनेडियन लोकांचा सरासरी मेंदू आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने १०० भारतीयांचा अॅटलस केला आहे, पण तोही तरुणांचा. तुमच्या गटासाठी निरोगी आणि रुग्ण समान संख्येने घेऊन, अँट्स या सॉफ्टवेअरने स्वतःचा टेम्प्लेट बांधा. तसंच पाश्चात्त्य नॉर्मवर आधारलेलं ‘तुमचा हिप्पोकॅम्पस अमुक पर्सेंटाइलला’ असं सांगणारं सॉफ्टवेअर रुग्णाच्या हाती देऊ नका. भारतीय म्हातारपणाचे मोठे आकडे बंगळूरुच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या श्रीनिवासपुरातल्या आणि शहरातल्या अभ्यासांतून येतील.

एएसएल ३ टेस्लावरच. लेबलिंग (मानेतल्या रक्ताला चुंबकीय खूण करणं) १८०० मिलिसेकंद. त्यानंतर चित्र घेईपर्यंत थांबण्याची वेळ ७० च्या आत निरोगी माणसात १८००, ७० वर आणि रुग्णांत २००० अशी शिफारस आहे. तुमच्याकडे सगळ्यांना २००० ठेवा, गटागटांत बदलू नका. म्हातारपणी रक्त उशिरा पोचतं. कमी वाट बघितली तर रक्त अजून धमनीतच असतं आणि कॉर्टेक्सचा प्रवाह कमी झाल्यासारखा दिसतो. पांडुरोग (रक्तक्षय) असेल तर रक्ताचा टी-१ (चुंबकीय खूण विरण्याचा काळ) बदलतो आणि प्रवाह खरोखरच वाढलेलाही असतो, म्हणून हिमोग्लोबिन त्याच आठवड्यातलं हवं. चहा: कॅफिन प्रवाह घटवतं, आणि रोज चार कप घेणाऱ्याने एक दिवस बंद केला तर प्रवाह वर उसळतो. त्यामुळे बंदी नको. नेहमीचा चहा स्कॅनच्या दोन तास आधी, आणि वेळ लिहून ठेवायची.

---

अर्धायुष्य_११०

पेटबद्दल. एफडीजी (साखरेसारखं द्रव्य) आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन) ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एफडीजी सांगतं कुठला भाग मंदावला. अमायलॉइड सांगतं कारण अल्झायमरचं असू शकतं का. आणि ‘शकतं’ हाच मुद्दा: स्मृती ठणठणीत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के अमायलॉइड पॉझिटिव्ह निघतात. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे रुग्ण नव्हे. निगेटिव्ह मात्र जास्त बोलकं. अमेरिकेतल्या एनआयए-एए संस्थांच्या २०१८ च्या चौकटीप्रमाणे अमायलॉइड आणि टाऊ (अल्झायमरमधलं दुसरं प्रथिन) या दोन्हींचा पुरावा असल्याशिवाय प्रबंधात ‘अल्झायमर रोग’ लिहू नका, ‘अल्झायमर प्रकारची लक्षणं असलेला गट’ लिहा. परीक्षक हेच पकडतील.

मुंबईत एफडीजी मिळणं अवघड नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी द्रव्य बनवणारं यंत्र) सुरू झालं, त्यानंतर शहरात आणि आसपास बरीच सोय झाली. एफडीजीतल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. ११ वाजता ६ मिलीक्युरी टोचायची आणि डोस ९ वाजता भरला, तर भरताना १२.८ मिलीक्युरी हवेत. पाऊस, रस्ता आणि एखादा फ्लायओव्हर बंद हे धरून १६ मागा. कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणून पिट्सबर्ग कंपाउंड-बी या अमायलॉइड दाखवणाऱ्या द्रव्यासाठी सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत लागतं. दोन तासांत चौसष्टावा भाग उरतो.

एफडीजीच्या तयारीत चूक झाली की अल्झायमर ‘तयार’ होतो. ४ ते ६ तास उपास, साखर १६० मिग्रॅ/डेसिलीटरच्या आत. साखर चढलेली असेल तर निरोगी माणसातही प्रिक्युनिअस आणि पराएटल भागाचं ग्रहण घटतं, अगदी अल्झायमरसारखं. टोचण्याआधी इन्सुलिन देऊन साखर खाली आणायची नाही, सगळं एफडीजी स्नायूंत जातं. सरळ दुसरी तारीख द्या. टोचल्यावर ३० मिनिटं मंद उजेडाच्या शांत खोलीत, डोळे उघडे, बोलणं नाही, मोबाइल नाही. नातेवाईक बाहेर.

६ मिलीक्युरीला शरीराला बसणारं रेडिएशन साधारण ४ मिलिसिव्हर्ट, सीटीचं वेगळं. निरोगी माणसांना दोनदा द्यायचं असेल तर कमिटी कारण विचारणारच. माझं मत: तुमच्या बजेटमध्ये पेट फक्त रुग्णगटाला, एकदाच, आणि तेही अमायलॉइड. ते जमत नसेल तर रक्तातलं पी-टाऊ२१७ (टाऊ प्रथिनाचा एक प्रकार) सगळ्यांचं. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर ते खोटं चढतं, म्हणून क्रिएटिनिन सोबत.

---

शीव_फलाट_२

सगळ्यांचे आभार, आराखडा बदलतोय. सगळे ३ टेस्लावर, ८० ऐवजी ६० (३०+३०), अंतर २४ महिने. एक अडचण: शनिवारी दुपारी ४ स्लॉट मिळतात. आधी सगळे रुग्ण उरकून मग निरोगी घ्यावेत, की मिसळून? आणि दोन वर्षांत गळती किती धरू?

---

कॉइल_आणि_उशी

मिसळून, आणि चिठ्ठ्या काढून. ६० जण म्हणजे १५ शनिवार. आधी रुग्ण आणि मग निरोगी केलेत तर मशीनचा सरकता दोष, टेक्निशियनची बदली, ऋतू, सगळं पुन्हा गटाला चिकटतं. दर शनिवारी दोन रुग्ण, दोन निरोगी; पहिला आणि शेवटचा स्लॉट कुणाला ते आलटून पालटून. जुलै–ऑगस्ट आणि गणपतीचे दिवस सोडा. गाड्या बंद पडल्या की रुग्ण येत नाही, आणि निरोगी काका कोकणात असतात.

गळती पाचातला एक धरा, रुग्णांत जास्त. नोंदणी ३८+३८ करा, म्हणजे १९ शनिवार. जे गळतात ते बहुधा जास्त झिजलेले असतात, म्हणून पूर्ण झालेल्यांचंच विश्लेषण करू नका. मिक्स्ड मॉडेल वापरा, त्यात एकच स्कॅन असलेला माणूसही राहतो. येण्याजाण्याला टॅक्सीचं भाडं बजेटमध्ये टाका, सोबतच्या माणसासकट. मुलाचा, सुनेचा आणि शेजाऱ्याचा असे तीन नंबर घ्या, दर सहा महिन्यांनी एक फोन करा. आणि स्कॅनची डीव्हीडी त्यांना देण्याआधी कच्चे डायकॉम (स्कॅनच्या मूळ फायली) दोन हार्ड डिस्कवर उतरवा, खासगी सेंटर ठरावीक काळाने जुना डेटा पुसतं. पाठवताना चेहरा काढून टाका, पण मूळ प्रत चेहऱ्यासकट कुलपात ठेवा. चेहरा काढणारं सॉफ्टवेअर झिजलेल्या मेंदूत कधी कधी फ्रंटल पोलचा तुकडाही कापतं.